सिस्टर, एक सांगू का?

कुष्ठरोगाच्या रुग्णांसाठी मुंबईत तयार झालेल्या एका प्रश्नावलीत दोन प्रश्न आहेत. पहिला असा : या आजारामुळे कुणी तुम्हाला कामापासून, चारचौघांपासून लांब राहायला सांगितलं का? दुसरा असा : कुणी काही न सांगता, तुमचं तुम्हीच लांब राहायचं ठरवलंत का?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ येऊ शकतं, हे लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो. म्हणजे गावानं अजून काहीच केलेलं नाही. कुणी हाकललं नाही, कुणी ताट वेगळं केलं नाही. कित्येकदा गावाला पत्ताही नाही. तरी माणूस पारावर बसायचा बंद झाला, बाई हळदीकुंकवाला जायची बंद झाली. या घटनेची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही. ती सापडते ती फक्त कुणीतरी विचारल्यामुळे आणि विचारून गप्प बसल्यामुळे.

या प्रश्नावलीला ‘एमिक’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ मिचेल वाइस यांनी डॉ. डी. आर. दूनगाजी आणि मुंबईच्या इतर सहकाऱ्यांबरोबर ती घडवली आणि १९९२ साली तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे क्षयरोग, मनोविकार अशा आजारांसाठी ती देशोदेशी वापरली गेली. त्या पहिल्या अभ्यासाची रचनाच विलक्षण होती. नव्यानं निदान झालेले ५६ कुष्ठरुग्ण, कोड असलेले १९ जण आणि शिबं आलेले १२ जण. तिन्ही गटांच्या अंगावर चट्टेच. पण शिबं आलं तर माणूस मलम लावतो आणि विसरतो. कोड उठलं की घरातलं पोरीच्या लग्नाचं बोलणं थांबतं. कुष्ठरोगाचं तर नावही दबक्या आवाजात घेतलं जातं.

नैराश्य, चिंता यांसारख्या विकाराच्या निकषांत बसेल असा त्रास या तीन गटांत किती जणांना होता? शिबंवाल्यांत ८ टक्के, कोड असलेल्यांत ३७ टक्के, कुष्ठरुग्णांत ५० टक्के. गट लहान होते हे खरं, पण कोडाचा आकडा मला सोडत नाही. कोड कुणाला लागत नाही, त्यानं बोटं झडत नाहीत, जीवाला धोका नसतो. तरीही मनाच्या त्रासात ते शिबंपासून कितीतरी दूर, कुष्ठरोगाच्या शेजारी जाऊन बसलं. हे अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येणार नाही. ते लोकांच्या नजरेनं तयार केलेलं आहे.

त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष वाचून तर मी पान पुन्हा उलटून पाहिलं. आजाराचं कारण शरीरातली उष्णता, वात-पित्त अशा पारंपरिक समजुतींत शोधणारे रुग्ण दवाखान्यात अधिक नियमित येत होते. आरोग्यशिक्षणाच्या नेहमीच्या तासाला ही समजूत पहिल्या पाच मिनिटांतच ‘चुकीची’ म्हणून खोडली गेली असती. माझा अंदाज असा, की दोष शरीरात आहे असं मानणारा माणूस उपायही शरीरावरच शोधतो. पाप किंवा शाप मानणाऱ्याला दवाखाना कशाला हवा? अंदाज चुकीचा असेलही. पण रुग्णाच्या मनातली गोष्ट नीट ऐकल्याखेरीज हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

असं ऐकणं नर्सच्या शिक्षणात कुठं बसतं, हे पाहायला आता नाशिककडे येऊ. म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झालं आणि राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. कॉलेज कोकणातलं असो की गडचिरोलीचं, एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या विद्यार्थिनीला एक प्रबंध लिहावा लागतो. आजवर या शिक्षणात एक साचा फार चालत आला : अमुक विषयावरच्या शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी चाचणी, मग माहिती, मग पुन्हा चाचणी, गुण वाढले का ते पाहायचं. या कामाला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यात प्रश्नही आपला आणि उत्तराची किल्लीही आपलीच. आपल्याला सुचलंच नव्हतं असं काही रुग्ण सांगेल, याला त्यात जागा नसते.

गुणात्मक संशोधन नेमकी तीच जागा मोकळी ठेवतं. प्रश्न असा असतो : ‘हा आजार तुम्हाला कळला त्या दिवसाबद्दल सांगा.’ मग ऐकायचं. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करायचं. नाव लिहायचं नाही, क्रमांक द्यायचा. तासाभराचं बोलणं कागदावर शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात, कारण तिथला हुंदका, ‘जाऊ द्या’ म्हणून तोडलेलं वाक्य, हेही उतरवायचं असतं.

पॉल कोलाइझी यांनी १९७८ साली मांडलेली सात टप्प्यांची पद्धत नर्सिंगच्या संशोधनात खूप वापरली जाते. सगळं बोलणं पुनःपुन्हा वाचायचं, महत्त्वाची विधानं वेगळी काढायची, त्यांचे अर्थ लावायचे, अर्थांचे गट करायचे, त्यांतून अनुभवाचं सविस्तर वर्णन उभं करायचं आणि मग त्याचा गाभा शोधायचा. सातव्या टप्प्यापुढे मी नेहमी थबकतो. सगळं लिहून झाल्यावर संशोधक रुग्णाकडे परत जाते आणि विचारते, ‘मला हे असं कळलं. बरोबर आहे का?’ अभ्यासाचा विषय असलेल्या माणसाला निकाल दुरुस्त करायचा अधिकार देणारी अशी शास्त्रं किती आहेत?

नर्सला हे काम सोपंही जातं आणि फार अवघडही. सोपं अशासाठी, की रात्रपाळीला सलाईन बदलताना ‘सिस्टर, एक सांगू का?’ हे वाक्य तिच्याच कानावर येतं, राउंडवरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नाही. अवघड अशासाठी, की तिच्या हाताला शिकवायची सवय आहे. रुग्ण म्हणाला, ‘गोळ्या मी महिनाभर घेतल्याच नाहीत’, की तिच्या तोंडून ‘असं कसं चालेल, काका?’ निघायच्या बेतात असतं. ते तिनं गिळायचं. काका का थांबले ते आधी पूर्ण ऐकायचं. मुलाखत संपल्यावर मात्र गोळ्यांचं सांगायचंच, कारण ती शेवटी नर्स आहे. ही कसरत मला शस्त्रक्रियेइतकीच कौशल्याची वाटते. १९६०च्या दशकात अमेरिकेत जीन क्विंट या नर्सनं स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचे अनुभव असेच ऐकले आणि पुढे मरणाच्या दारातल्या रुग्णांशी नर्स कशा वागतात यावर १९६७ साली पुस्तक लिहिलं. या वाटेवर नर्स खूप आधीपासून आहेत.

‘दहा-बारा माणसांशी बोलून काय कळणार?’ हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थिनीला कुणीतरी विचारतंच. २००६ साली ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींवरून हेच तपासलं. नवे मुद्दे कितव्या मुलाखतीनंतर येईनासे होतात? बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते, आणि मुख्य सूत्रांचे मूळ घटक तर सहाव्या मुलाखतीपर्यंतच दिसू लागले होते. गट बऱ्यापैकी एकसारखा आणि प्रश्न ठरलेले असतील तर हे घडतं, सरसकट नाही. तरी विचार करा : प्रत्येकीचं दुःख तिला तिचं एकटीचं वाटतं आणि बाराव्या मुलाखतीपर्यंत त्या सगळ्या जवळजवळ तेच सांगत असतात.

‘एमिक’ वापरूनच बंगळुरूत रघुराम, वाइस आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. मन उदास असल्याची लक्षणं जितकी जास्त, तितकी लोकलाजेची भावना जास्त. आणि अंगदुखीसारखी शरीराची लक्षणं जितकी जास्त, तितकी ती कमी. हे वाचलं की ओपीडीच्या रांगेत ‘अंग मोडून आलंय, डोकं ठणकतंय’ म्हणणारी बाई वेगळी दिसू लागते. ती खोटं बोलत नाही. तिच्याकडच्या दोन दुखण्यांपैकी जे सांगितल्यानं नाव ठेवलं जाणार नाही, ते ती आधी सांगते.

क्षयरोगाचंही तसंच. पुण्याच्या संशोधकांनी ग्रामीण महाराष्ट्रात, ज्यांना क्षयरोग झालेलाच नाही अशा लोकांना या आजाराबद्दल विचारलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लग्नाच्या अडचणी बाईच्या वाट्याला जास्त येतील, असं लोकांनी सांगितलं. पुरुष बायकोकडून साथीची अपेक्षा करत. स्वतः मात्र ती साथ सहसा देत नसत. आता पेठ-सुरगाण्याहून गोळ्यांसाठी नाशिकला येणारी एखादी सून डोळ्यांपुढे आणा. खोकल्यापेक्षा मोठं ओझं तिच्या पिशवीत असू शकतं, आणि ते कफाच्या तपासणीत येत नाही.

औषधानं माणूस बरा होतो, तरी डाग किती काळ राहतो याचा एक कायदेशीर पुरावाच आहे. कुष्ठरोगावरची बहुविध औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये सुचवली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या विवाह कायद्यांतून निघाली ती २०१९ मध्ये. मधली ३८ वर्षं त्या माणसांनी कशी काढली, हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यापर्यंत रेकॉर्डर घेऊन जाणाऱ्या मुली मात्र थोड्या आहेत, आणि मार्गदर्शकांनी त्यांना आकड्यांच्या साच्याबाहेर जाऊ द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यापाशी, किंवा तुमच्या घरातल्या रुग्णापाशी, एखादी नर्सिंगची विद्यार्थिनी संमतीपत्र घेऊन आली आणि तासभर बोलाल का म्हणाली, तर शक्य असल्यास हो म्हणा. नाव कसं लपवणार, ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, हे तिला विचारा. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका आणि वाटेल तेव्हा थांबा. त्यानं तुमच्या उपचारात काही फरक पडता कामा नये. आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवायला परत ये, असं तिला आवर्जून सांगा.