आंबोली घाटातून थंडीत रोज बाइकने जाताय? कोणता टायर घ्यावा?

डिसेंबरात सकाळी आंबोलीहून सावंतवाडीला कामावर निघालं की घाटातला रस्ता पाऊस नसतानाही ओला मिळतो. धुकं, दव आणि झाडांवरून ठिबकणारं पाणी. वळणावर ओला पाला असेल तर विचारूच नका. मग यासाठी बर्फाळ देशांत वापरतात तसे 'विंटर टायर' घ्यावेत का?

नाही. त्यांचं मऊ रबर साधारण 7 अंशांखालच्या थंडीसाठी असतं. आंबोलीत बर्फ पडत नाही, दुपारी ऊन तापतं आणि खाली सावंतवाडीत तर उकडतंच. तिथे हे रबर भराभर झिजेल. मोठ्या गुट्ट्यांचे ऑफरोड टायर दिसायला रुबाबदार, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी असतं. इथे पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचा साधा रोड टायर बरा, शक्यतो ट्यूबलेस. पंक्चर झालं तरी त्यातली हवा सहसा हळूहळू जाते.

दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 3624 म्हणजे 2024 चा 36 वा आठवडा. जुनं रबर कडक होतं, मग खाचा शाबूत असूनही टायर घसरतो. स्वस्तातला 'नवा' टायर इथेच फसवतो.

आणि हवा? दुपारी 27 अंशांत भरलेली हवा पहाटे 12 अंशांवर सुमारे 2 पीएसआयने उतरते. म्हणून ती सकाळी, गाडी काढण्याआधी तपासा. पकड वाढेल म्हणून मुद्दाम कमी ठेवू नका, वळणावर गाडी डुलते.