पाइन वनांतील पतंगांची लैंगिक फेरोमोने

पाइन वृक्षांना उपद्रवी असणाऱ्या पतंगांच्या माद्या समागमासाठी नरांना आकर्षून घेण्याकरिता जी बाष्पनशील द्रव्ये शरीराबाहेर सोडतात, त्यांना लैंगिक फेरोमोने म्हणतात. एका प्राण्याने बाहेर टाकलेले व त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वर्तनात किंवा शरीरक्रियेत बदल घडविणारे द्रव्य या अर्थाने ‘फेरोमोन’ ही संज्ञा पेटर कार्लसन व मार्टिन ल्यूशर यांनी १९५९ मध्ये सुचविली. त्याच वर्षी आडोल्फ बूटेनांट व त्यांचे सहकारी यांनी रेशमाच्या पतंगाच्या सु. ५ लाख माद्यांपासून बाँबिकॉल हे फेरोमोन अलग करून ओळखल्याचे जाहीर केले. कीटकाचे हे पहिलेच रासायनिक दृष्ट्या ओळखले गेलेले फेरोमोन होय.

उत्पत्ती व ग्रहण : मादीच्या उदराच्या टोकाजवळ फेरोमोनाची ग्रंथी असते. समागमास सिद्ध झालेली मादी फांदीवर स्थिर बसून ही ग्रंथी बाहेर काढते व गंध वाऱ्याबरोबर पसरतो. नराच्या शृंगिकांवरील संवेदी केसांना त्याचे अत्यल्प रेणूही जाणवतात. गंध जाणवताच नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नागमोडी उडत मादीपर्यंत पोहोचतो.

रासायनिक स्वरूप : यांपैकी बहुतेक फेरोमोने १२ ते १६ कार्बन अणूंची सरळ साखळी असलेली असंतृप्त अल्कोहॉले, अल्डिहाइडे किंवा ॲसिटेटे आहेत. यूरोपीय पाइन-कोंब पतंगाच्या (ऱ्हायासिओनिया ब्युओलियाना) मादीचे फेरोमोन ट्रान्स-९-डोडेसिनिल ॲसिटेट हे आहे. त्यात सिस् रूपाची थोडी भेसळ झाली, तरी नर आकृष्ट होत नाहीत. याउलट, वेस्टर्न पाइन शूट बोरर (यूकोस्मा सोनोमाना) या पतंगास ही दोन्ही रूपे ठराविक प्रमाणात एकत्र लागतात. मिरवणुकी पतंगाच्या (थॉमेटोपिया पिटिओकांपा) १६ कार्बनी ॲसिटेटात एक द्विबंध व एक त्रिबंध असतो, तर डेंड्रोलिमस वंशातील पतंगांच्या १२ कार्बनी संयुगांत ५ व ७ या स्थानी दोन द्विबंध असतात. द्विबंधाचे स्थान, रेणूची भूमितीय रचना व घटकांचे प्रमाण यांमुळे एका जातीचा संकेत दुसरीपासून वेगळा राहतो. यामुळेच फेरोमोनाचा उपयोग इतर कीटकांना धक्का न लावता करता येतो.

उपद्रव : लागवडीच्या वनात एकाच जातीची व एकाच वयाची झाडे दाटीने उभी असल्याने किडीला अखंड खाद्य मिळते. पाइन-कोंब पतंगाच्या अळ्या कळ्या व कोंब पोखरतात. त्यामुळे शेंडा मरून खोड वाकडे वाढते व त्याचे इमारती लाकूड म्हणून मोल घटते. हा मूळचा यूरोपातील पतंग चिलीमध्ये १९८५ साली आढळला व तेथील रेडिएटा पाइनच्या लागवडींत पसरला. स्कॉटलंडमध्ये पाइन ब्यूटी पतंग (पॅनोलिस फ्लॅमिया) स्थानिक स्कॉट्स पाइनवर क्वचितच हानिकारक ठरत असे. परंतु उत्तर अमेरिकेतून आणून लावलेल्या लॉजपोल पाइनवर १९७६ पासून त्याचे उद्रेक झाले. अळ्यांनी पाने फस्त केल्यामुळे झाडे मेली आणि १९७८ मध्ये विमानांतून फेनिट्रोथिऑन फवारावे लागले. मिरवणुकी पतंगाच्या अळ्या दक्षिण यूरोपातील पाइन वृक्षांवर रेशमी घरटी करून राहतात. त्यांच्या दाहक केसांचा माणसांना व पाळीव जनावरांनाही त्रास होतो.

उपयोग : रबराच्या लहान बुचात कृत्रिम फेरोमोन मुरवून ते चिकट तळाच्या सापळ्यात ठेवतात. किडीची संख्या अत्यंत कमी असतानाही सापळ्यात नर सापडतात. त्यामुळे नव्या प्रदेशातील तिचा प्रवेश व उड्डाणाचा काळ वेळीच कळतो. स्कॉटलंडमध्ये सापळ्यांतील नरांच्या संख्येवरून जमिनीतील कोशांची मोजणी कोणत्या वनात करावयाची हे ठरविण्यात येऊ लागले व कोशांच्या संख्येवरून फवारणीचा निर्णय घेतला जाऊ लागला. अशा रीतीने अनावश्यक फवारणी टाळणे हा फेरोमोनाचा मोठा लाभ आहे.

दुसरी पद्धत समागमात व्यत्यय आणण्याची होय. वनभर कृत्रिम फेरोमोन पसरविल्यास नरांना मादीचा माग काढता येत नाही व बहुसंख्य माद्या अफलित राहतात. पश्चिम अमेरिकेतील पाँडेरोसा पाइनच्या लागवडींत यूकोस्मा सोनोमानाविरुद्ध हेक्टरी काही ग्रॅम द्रव्य वापरून कोंबांची हानी पुष्कळ कमी करता आली. या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. शिवाय त्याची संख्या विरळ असूनही प्रत्येक अळी मुख्य कोंबातील भेंड पोखरत असल्याने नुकसान मोठे होते. म्हणून ही पद्धत त्याच्या बाबतीत विशेष अनुकूल ठरली.

मर्यादा : उद्रेकाच्या वेळी नर व माद्या इतक्या जवळजवळ असतात की, गंधाचा माग चुकला तरी त्यांची गाठ पडते. सापळ्यांचे चिकट पृष्ठ लवकर भरते व खऱ्या माद्यांची स्पर्धाही वाढते. त्यामुळे सापडलेल्या नरांवरून किडीच्या खऱ्या संख्येचा अंदाज येत नाही. केवळ नर पकडून कीड आटोक्यात आणणेही कठीण असते, कारण निसटलेला एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो. म्हणून उद्रेक झाल्यावर फेरोमोनावर विसंबणे व्यर्थ ठरते. त्याचे खरे कार्य उद्रेकापूर्वीच्या शांत काळात असते. परजीवी कीटकांचा वापर व मिश्र जातींची लागवड या उपायांची जोड त्यास द्यावी लागते. चिलीमध्ये ऑर्गिलस ऑब्स्क्युरेटर हा परजीवी कीटक यूरोपातून आणून सोडण्यात आला, तो याच हेतूने.