पोपटाचे पिल्लू चावते तेव्हा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा माझ्या उजव्या तर्जनीला पट्टी होती. रोह्याच्या शाखेत नोटा मोजताना ती पाहून एका खातेदाराने विचारले, "साहेब, बोट दारात सापडलं का?" म्हटले, "नाही हो, पोपट चावला." ते हसले, पण त्यांच्या घरीही तेच रडगाणे होते. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या पेण-रोह्याच्या आंब्या-जांभळांवर थव्याने येणारा हिरवा पोपट पाळण्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी असा एक राघू होता. त्याला पेरू-मिरची घालून आपण माया करतो, असे आम्हाला वाटे. तो मात्र दिवसभर पिंजऱ्याच्या दाराकडे तोंड करून बसे. आज त्याची आठवण झाली की लाज वाटते. असे पिल्लू घरट्यातून पडलेले सापडल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

माझ्या मुलीने पाळला आहे तो कॉकाटिल. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, करड्या रंगाचा आणि डोक्यावर तुरा असलेला. बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते बहुतेक बजरिगार, तेही ऑस्ट्रेलियाचेच. पिंजऱ्यात पैदास झालेले हे पक्षी पाळता येतात.

मिठू घरी आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. हात पुढे केला की चोच मारी. कोणीतरी सांगितले, चोचीवर टिचकी मारा, सुधारेल. मी मारली. चावणे थांबले नाहीच. उलट तो माझा हात दिसताच मागे सरकू लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, तो तुम्हाला घाबरतो." हे शब्द चोचीपेक्षा जास्त लागले.

मग मी या पक्ष्यांची माहिती मिळवून वाचली. पोपटाची चोच म्हणजे त्याचा तिसरा पायच. चढताना तो चोचीने आधार घेतो, नवी फांदी चोचीने दाबून पाहतो आणि मगच तीवर पाय ठेवतो. पिल्लू आपल्या बोटाशी तेच करते. आपण दचकून हात मागे घेतला की त्याला वाटते, ही फांदी भरवशाची नाही. पुढच्या वेळी ते जास्त घट्ट धरते. आपण ओरडलो तर काहींना ती गंमतच वाटते. भीती, अपुरी झोप आणि आजारपण हीसुद्धा चावण्याची कारणे असतात.

आमच्या घरी लागू पडलेली पद्धत अशी :

१. पहिले काही दिवस हात आत घालू नये. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलावे.

२. मग जाळीतून आणि नंतर तळहातावर राळ्याचे कणीस द्यावे. हात म्हणजे खाऊ, हे त्याच्या मनात बसू द्यावे.

३. बोट त्याच्या पोटाशी, पायांच्या किंचित वर स्थिर धरून "ये" म्हणावे. चढला की लगेच दाणा द्यावा. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटे पुरेत.

४. चोचीने हलके चाचपले तर हात हलवू नये. जोर वाढला तर कडुनिंबाची काडी पुढे करावी. तरीही चावला तर न बोलता त्याला दांडीवर ठेवून मिनिटभर पाठ फिरवावी.

५. त्याचा तुरा पाहावा. तुरा ताठ उभा असेल तर तो बिचकला आहे. डोक्याला चिकटवून फिसकारत असेल तर रागावला आहे. अशा वेळी हात लावू नये.

६. नियम घरातल्या सर्वांनी सारखे पाळावेत. एकाने बोट चावू देऊन खेळायचे आणि दुसऱ्याने रागवायचे, असे नको. तोंडाजवळ, विशेषतः लहान मुलांच्या, पक्षी नेऊ नये.

शांत पक्षी अचानक चावू लागला, खाईनासा झाला किंवा पिसे फुलवून बसला, तर पशुवैद्याला दाखवावे. आपल्याला चावल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, त्यामुळे पक्ष्याच्या चाव्याने ती भीती नाही. मात्र खोल जखम डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

मिठूला माझ्या बोटावर यायला दीड महिना लागला. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर विश्वासाचे खाते रोजच्या चिल्लर भरण्याने वाढते, आणि एका टिचकीने सगळी ठेव निघून जाते.

आता त्या पट्टीबद्दल. त्या रात्री गाडी उशिरा आली आणि पेणला घरी पोहोचायला साडेदहा झाले. मिठू झोपला होता. या पक्ष्यांना दहा-बारा तास शांत झोप लागते, हे ठाऊक असूनही मी अंधारात पिंजऱ्यात हात घातला. त्याने चावा घेतला. मुलीने पट्टी बांधत विचारले, "बाबा, चूक कोणाची?"

मी निमूटपणे माझी म्हणून सांगितले. सकाळी मिठू नेहमीप्रमाणे माझ्या हातावर आला.