मिळकत रुपयांची, देणे डॉलरांचे

ऋण काढून सण करू नये, ही आपल्या घरोघरची शिकवण राष्ट्राच्या अर्थव्यवहाराला जशीच्या तशी लावता येत नाही. कारण ज्या देशात जनतेची बचत तुटपुंजी आणि धरणे, लोहमार्ग, वीजकेंद्रे यांची निकड मात्र मोठी, त्याने परक्याचे भांडवल अजिबात नाकारले, तर त्याच्या उत्कर्षाला एक-दोन पिढ्यांचा विलंब लागावयाचा. आपल्या रेल्वेनेही 1949 साली जागतिक बँकेच्या 3 कोटी 40 लाख डॉलरांच्या कर्जातून इंजिने घेतली, आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र परकीय कर्ज सहसा सावकाराच्याच नाण्यात फेडावे लागते. रुपये हवे असतील तर सरकार कर वाढवील, प्रसंगी नोटाही छापील. डॉलर मात्र निर्यातीने, पर्यटकांनी किंवा परमुलखात राबणाऱ्या देशबांधवांनीच आणावयाचे असतात.

या दृष्टीने श्रीलंकेचे प्रकरण मननीय आहे. तिच्या विपत्तीचे एक बीज, चमत्कारिक वाटले तरी, तिच्या उन्नतीतच होते. 1997 साली ती मध्यम उत्पन्नाच्या राष्ट्रांत गणली जाऊ लागली, आणि गरीब राष्ट्रांसाठी राखलेल्या दीर्घ मुदतीच्या, नाममात्र व्याजाच्या कर्जांचा ओघ हळूहळू आटत गेला. तेव्हा 2007 साली कोलंबोच्या सरकारने आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरांचे रोखे विकावयास प्रारंभ केला. पहिला रोखा 50 कोटी डॉलरांचा, मुदत अवघी पाच वर्षांची. पूर्वीच्या कर्जांचे मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत असे. रोख्याचे मात्र मुदत भरताच एकरकमी मोजावे लागते, आणि तेवढी रक्कम हाताशी नसली म्हणजे जुना रोखा फेडण्यासाठी नवा विकणे आले. महामार्ग आणि विमानतळ यांचे फळ वीस-तीस वर्षांनी पदरात पडावयाचे, तगादा मात्र पाच-दहा वर्षांतच दारात उभा!

श्रीलंकेचे हंबनतोटा बंदर चीनने कर्जापोटी जप्त केले, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः 2017 साली ते 99 वर्षांच्या पट्ट्याने एका चिनी कंपनीस दिले गेले, त्यापोटी आलेले सुमारे 112 कोटी डॉलर गंगाजळीत गेले, आणि बंदराचे मूळ कर्ज सरकारच्या शिरावर तसेच राहिले. सारा दोष एकाच सावकाराच्या माथी मारणे सोयीचे खरे, पण रोखेधारकांचे देणे चीनच्या देण्याहून मोठे होते.

2019 च्या अखेरीस नव्या सरकारने मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 वर आणला. पाठोपाठ महामारीने पर्यटक थांबले, पत घसरली आणि नवे रोखे कोणी घेईना. तरीही जानेवारी 2022 मध्ये 50 कोटी डॉलरांचा एक रोखा मुदतीबरहुकूम पुरता फेडण्यात आला. पत राखण्याचा हा हट्ट मला तरी अनाकलनीय वाटतो. कारण मार्चमध्ये कागद आयात करण्यास डॉलर नाहीत म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि 12 एप्रिल रोजी सरकारने परकीय कर्जाची फेड तहकूब केली, तेव्हा पेट्रोलपंपांपुढे रांगा लागलेल्याच होत्या.