मराठी ईमेल पत्ता चुकीचा नसतो, चुकते ती तपासणी

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावच्या दुकानदाराने @च्या आधी ‘हट्टा’ असलेला देवनागरी ईमेल पत्ता घेतला, तर तो नियमात बसतो. ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी पद्धतीत युनिकोड पत्त्यांची सोय करणारं आरएफसी ६५३१ हे मानक २०१२ सालचं, देवनागरी ‘.भारत’ डोमेन २०१४ पासूनचं. तरीही अनेक फॉर्म असा पत्ता नाकारतात, आणि दोष बहुतेकदा पत्त्याचा साचा तपासणाऱ्या रेगेक्सचा असतो. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधलं ‘\w’ हे चिन्ह फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतं. पायथनचं ‘ह’ आणि ‘ट’ ओळखतं, पण हलन्त आणि काना वगळतं, कारण युनिकोडच्या लेखी ती अक्षरं नव्हेत, जोडचिन्हं आहेत. शिवाय @च्या आधीच्या भागाला ६४ची मर्यादा आहे ती बाइटची, अक्षरांची नव्हे, आणि यूटीएफ-८मध्ये ‘हट्टा’च्या ५ कोडपॉइंटना १५ बाइट लागतात.

नियम सैल केले तर चुकीचे पत्ते घुसतील, असा आक्षेप येतो. पण कडक रेगेक्समध्ये चपखल बसणारा पत्ताही अस्तित्वात नसू शकतो. ते कळतं फक्त पत्र पाठवल्यावर. म्हणून @, दोन्ही बाजू आणि बाइटमधली लांबी एवढंच तपासा, मेल सर्व्हर युनिकोड पत्ते स्वीकारतो ना ते पाहा, आणि पडताळणीची लिंक पाठवा. आपल्या फॉर्ममध्ये आजच एक मराठी पत्ता टाकून बघा.