हळदीने काढलेला फोटो

शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा किंवा रश्शाचा डाग कधी ना कधी पडलाच असेल. मग पुढची गंमतही तुम्ही पाहिली असेल. त्या पिवळ्या डागाला साबण लावला की तो एकदम तांबडा होतो. पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा! कितीही चोळला तरी पुरता जात नाही. आणि तोच सदरा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळत घातला, तर डाग आपोआप फिका होत होत दिसेनासा होतो.

एवढ्याशा डागात तीन प्रश्न दडले आहेत. तो पाण्याने का जात नाही? साबणाने तांबडा का होतो? आणि उन्हाने का उडतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आपण आज एक मजेदार उद्योग करणार आहोत. आपण हळदीने फोटो काढणार आहोत. त्याला कॅमेरा नको, फिल्म नको, मोबाइलही नको.

हा उद्योग करायला हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावाइतकी सोयीची जागा दुसरी कोणती असणार? हा जिल्हा हळदीचा. वसमत आणि हिंगोली येथील हळदीचे बाजार दूरवर प्रसिद्ध आहेत. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली हळद उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात, शिजवतात आणि मग ती कित्येक दिवस उघड्यावर उन्हात वाळत पडलेली असते. म्हणजे हळदही घरची आणि ऊनही घरचे. अर्थात तुम्ही दुसरीकडे राहत असाल तरी हरकत नाही. हळदीचा डबा कोणत्या घरात नसतो?

साहित्य आणि कृती

एक चहाचा चमचा हळद, औषधाच्या दुकानात मिळणारे थोडे स्पिरिट, चित्रकलेचा जाड पांढरा कागद, रंगाचा कुंचला, एक काचेचा तुकडा, थोडा टाकणखार आणि एक सुंदरसे पान एवढे जमवा. पान पिंपळाचे, पपईचे, कडुनिंबाच्या डहाळीचे, कसलेही चालेल. मात्र ते दोन दिवस जाड पुस्तकात दाबून ठेवा. ताज्या पानातून ओल सुटते आणि कागद डागाळतो.

एका जुन्या वाटीत हळद घेऊन तिच्यावर चार-पाच चमचे स्पिरिट ओता व ढवळा. दहा मिनिटांनी गाळ खाली बसला की वरचे पिवळेधमक पाणी फडक्यातून गाळून घ्या. खोलीच्या सावलीच्या कोपऱ्यात बसून ते कुंचल्याने कागदावर सारखे पसरा. वाळल्यावर दुसरा हात द्या. कागद अंधाऱ्या कपाटात वाळू द्या.

आता त्या पिवळ्या कागदावर पान ठेवा, वर काच ठेवा आणि ते हलणार नाही अशा बेताने चिमटे लावा. खाली पाटी किंवा पुठ्ठा असावा. हा सगळा सरंजाम उन्हात ठेवून द्या. किती वेळ? हे ऊन, कागद आणि हळद यांवर अवलंबून आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात काही तासांत फरक दिसू लागतो. हिवाळ्यात किंवा ढगाळ दिवशी दोन-दोन दिवसही लागतात. उघडा भाग चांगला फिका पडला की कागद सावलीत आणा आणि पान अलगद उचला. पानाच्या जागी पिवळे पान उमटलेले दिसेल!

पण अजून खरी जादू व्हायची आहे. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा टाकणखार विरघळवा आणि ते पाणी कुंचल्याने कागदावरून फिरवा. पिवळे पान पाहता पाहता तांबूस तपकिरी होईल आणि फिक्या कागदावर उठून दिसेल. टाकणखार मिळाला नाही तर धुण्याचा सोडा वापरून पाहा. कागद साध्या पाण्यातून एकदाच काढून सावलीत वाळवा.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. स्पिरिट चटकन पेट घेते, तेव्हा चूल, गॅस किंवा उदबत्तीसुद्धा जवळ नको आणि शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस शेजारी हवे. टाकणखार आणि सोडा तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका. काम झाले की हात साबणाने धुवा आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

असे का होते?

हळदीचा पिवळा रंग 'कुरकुमीन' नावाच्या पदार्थामुळे येतो. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये चांगला विरघळतो. म्हणून तर आपण पाण्याऐवजी स्पिरिट घेतले. हे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले.

दुसरा प्रश्न तांबड्या रंगाचा. कुरकुमीन आम्लात व साध्या पाण्यात पिवळे असते, पण अल्कधर्मी द्रावणात, म्हणजे साबण, सोडा किंवा चुन्याच्या निवळीत, तांबूस होते. म्हणूनच हळदीचा कागद प्रयोगशाळेत दर्शक म्हणून वापरता येतो. टाकणखार अल्कधर्मी तर आहेच, शिवाय तो बोरॉन या मूलद्रव्याचा क्षार आहे. बोरॉन आणि कुरकुमीन यांचा संयोग होऊन तांबडे पदार्थ तयार होतात. पूर्वी घरोघर हळकुंडाला टाकणखार व लिंबाचा रस लावून कुंकू करीत, त्यामागे हेच रसायन होते. तुमच्या आजीला विचारून पाहा.

आता तिसरा प्रश्न, आणि तोच फोटोचा प्राण आहे. कुरकुमीनच्या रेणूची कल्पना करा. दोन टोकांना दोन कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बन अणूंची साखळी. या साखळीतल्या बंधांची रचनाच अशी असते, की हा रेणू सूर्यप्रकाशातले निळे-जांभळे किरण शोषून घेतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे येतो तो पिवळा दिसतो. पण शोषलेल्या प्रकाशाबरोबर ऊर्जाही आत येते. ती ऊर्जा आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे काही रेणूंची साखळी तुटते. लांब रेणूचे लहान लहान तुकडे होतात आणि ते बिनरंगी असतात. सदऱ्यावरचा डाग उन्हाने 'उडून' जात नाही, तो जागच्या जागी मोडतो!

पानाखालच्या रेणूंवर मात्र सावली होती. ते शाबूत राहिले. टाकणखार फिरवताच जेथे कुरकुमीन शिल्लक होते, तेथेच रंग बदलला. म्हणजे पानाचा हा फोटो कोणी काढला? उन्हाने कागदाचा उघडा भाग पुसून काढला आणि जे उरले ते चित्र झाले.

ज्याने उपाय दिला, त्याचाच उपाय चालेना

वनस्पतींच्या रसाने चित्रे काढण्याची ही रीत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली जगापुढे मांडली. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्याचे वडील. जॉन स्वतःही मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण बागेतल्या फुलांचा रस स्पिरिटमध्ये काढावा, कागदाला फासावा आणि उन्हात काय होते ते पाहत बसावे, याचाही त्याला छंद. या चित्रांना 'अँथोटाइप' म्हणतात. ग्रीक भाषेत 'अँथोस' म्हणजे फूल.

यात एक मोठी गमतीची आणि जराशी चुटपुट लावणारी गोष्ट आहे. त्या काळी फोटोग्राफी नुकतीच जन्माला आली होती. चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर चित्र उमटे, पण ते उजेडात आणले की उरलेला कागदही काळा पडे आणि चित्र नाहीसे होई. यावर उपाय हर्शेलनेच दिला. 'हायपो' नावाच्या पदार्थात चांदीचे क्षार विरघळतात, हे त्याने १८१९ मध्येच पाहून ठेवले होते. १८३९ साली त्याने तो फोटो कायम करण्यासाठी वापरला. पुढे शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या फोटोग्राफरांनी अंधाऱ्या खोलीत हायपोच वापरला. तुमच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो अजून शाबूत आहे, तो त्याच्याच कृपेने.

मग हर्शेलने फुलांची चित्रे हायपोने कायम का केली नाहीत? करताच येत नव्हती! नीट विचार करा. चांदीच्या फोटोत चित्र एका पदार्थाचे असते आणि धोका दुसऱ्याच पदार्थापासून असतो. चित्र बनते धातुरूप चांदीचे, तर धोका असतो उरलेल्या क्षारापासून. तो क्षार धुऊन टाकला की काम झाले. आपल्या हळदीच्या फोटोत मात्र चित्र आणि धोका एकच! जे कुरकुमीन उजेडाने मोडू शकते, तेच आपले चित्र आहे. ते धुऊन टाकले तर चित्रही गेले. ज्याने फोटो टिकवण्याची युक्ती जगाला दिली, त्याला स्वतःच्या फुलांचे फोटो काही टिकवता आले नाहीत.

तेव्हा तुमचा हळदीचा फोटो भिंतीवर लावू नका. वहीत जपून ठेवा, मित्र आले की दाखवा आणि पुन्हा मिटून ठेवा. अंधारात तो बरेच दिवस राहील. तरी हळूहळू फिका होईलच.

तुमच्यासाठी तीन कामे

पहिले काम चाचणी-पट्टीचे. हळदीच्या कागदाची एक लांब पट्टी कापा. ती सगळी पुठ्ठ्याने झाकून उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पुठ्ठा दोन बोटे सरकवा. शेवटी पायऱ्या-पायऱ्यांची पट्टी मिळेल. तुमच्या गावच्या उन्हात किती वेळ लागतो, हे ती पट्टीच सांगेल. अंधाऱ्या खोलीत काम करणारे फोटोग्राफर याच रीतीने वेळ ठरवीत.

दुसरे काम रंगांचे. लाल, पिवळा आणि निळा असे पारदर्शक जिलेटिन कागद आणा. हळदीच्या एकाच कागदावर ते शेजारी शेजारी लावून उन्हात ठेवा. कोणत्या रंगाखाली हळद सर्वांत जास्त फिकी पडेल? आधी वहीत अंदाज लिहा, मगच पाहा. हळद कोणते किरण शोषते, हे वर सांगितलेच आहे. जो प्रकाश शोषला जातो, तोच काम करतो. जो आरपार जातो किंवा परत फिरतो, तो काहीच करू शकत नाही. फुलांच्या रसांवर प्रयोग करताना हर्शेललाही असेच दिसले होते, की एखादा रंग उडवणारे किरण बहुधा त्याच्या विरोधी रंगाचे असतात.

तिसरे काम विचार करण्याचे. हळद पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळते, तरी हळकुंड फोडले की आत पिवळेधमक कसे? आणि तीच हळद दळली की ती बंद डब्यात का ठेवावी लागते? उत्तर तुम्हाला आता सापडायला हवे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न नुसत्या गमतीचा नाही, कारण हळदीचा कस तिच्यातल्या कुरकुमीनवरूनही ठरतो.

आणि याचा उपयोग काय?

कोणीतरी हे विचारीलच. सरळ उत्तर असे, की जो फोटो टिकत नाही त्याचा बाजारात फारसा उपयोग नाही. पण एक आठवण सांगतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायला भांडवल हवे होते. तेव्हा त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढत असताना त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ती सलग दाखवली, तेव्हा अनेक दिवसांची वाढ लोकांनी काही क्षणांत पाहिली. त्या छोट्याशा चित्रपटाने भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कुंडीजवळ कॅमेरा लावून वाटाणा उगवण्याची वाट पाहणारा माणूस तेव्हा कित्येकांना विक्षिप्तच वाटला असेल.

पण उपयोगाचे राहू द्या. आजवर हळदीचा डाग म्हणजे तुम्हाला घरच्यांची बोलणी एवढेच ठाऊक होते. आता तोच डाग पाहिला की साबणाचे रसायन, उन्हातले निळे-जांभळे किरण आणि तुटणारी साखळी दिसेल. वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहून उगीचच हसू येईल. हा आनंद फुकट आहे, रोजचा आहे आणि तो काही उन्हाने उडत नाही.

पुढच्या रविवारी ऊन असेल तर एक पान दाबून ठेवा.