इंजिन ऑइल: रंग, जाडी आणि किलोमीटर

इंजिन ऑइलचा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा दोन बोटांवर होतो. मेकॅनिक डिपस्टिक काढतो, टोकाचं ऑइल अंगठ्याने चोळतो आणि म्हणतो, "काळं झालंय, पातळ पण झालंय. बदलून टाकू." आपण मान डोलावतो. कोणतं टाकायचं याचं उत्तर समोरच्या रॅकवर जे असेल ते. या सगळ्यात त्या इंजिनाला काय हवं आहे हे कुणी विचारलेलंच नसतं. ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं, आणि ती पुस्तिका सीटखाली किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून असते. मेकॅनिकच्या अनुभवाची मला कदर आहे. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंजिनं इतकी बदलली, की जुने आडाखे आता अनेक ठिकाणी नुकसान करतात.

"काळं पडलं म्हणजे संपलं"

सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज हाच. ऑइलचं काम नुसतं वंगणाचं नाही. इंधन जळताना तयार होणारी काजळी आणि चिकट गाळ धुऊन काढायचा, आणि तो पुन्हा कुठे साचू न देता स्वतःत तरंगत ठेवायचा, यासाठी त्यात खास रसायनं घातलेली असतात. कपडे धुतल्यावर साबणाचं पाणी मळकट झालं तर आपण साबणाला नावं ठेवत नाही, तसंच हे. काजळीचे कण इतके बारीक असतात की ऑइल फिल्टर त्यातले बहुतेक अडवूच शकत नाही. डिझेल गाडीत ऑइल बदलल्यावर काहीशे किलोमीटरांतच ते काळं दिसू लागतं, आणि त्यात काळजीचं काही नसतं. उलट बरेच किलोमीटर होऊनही ऑइल सोनेरी राहिलं म्हणून ते उत्तम आहे, असंही ठरत नाही.

ऑइल खरोखर संपतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणांनी. ज्वलनातून तयार होणारी आम्लं मारायला त्यात अल्कधर्मी साठा असतो, तो हळूहळू खर्ची पडतो. उष्णतेने ऑइलचं ऑक्सिडेशन होतं. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. जाडी टिकवून धरणारे पॉलिमर गिअरच्या दातांखाली तुटतात. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग वापरलं जातं. यातलं काहीही अंगठ्याला कळत नाही. बोटांत चोळून जाडी ओळखता येते हाही भ्रमच, कारण गरम इंजिनातून काढलेलं कोणतंही ऑइल पातळच लागणार.

रंगाला एका बाबतीत मात्र जरूर महत्त्व द्यावं. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलं आहे. अशी गाडी चालवत नेऊ नये.

"आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइलच हवं"

नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पातळ ऑइल टिकणार नाही, असं मनात येणं साहजिक आहे. पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट तापमान सांभाळतो. इंजिन तापल्यावर आतलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास राहतं, मग बाहेर महाबळेश्वरचा जानेवारी असो वा विदर्भाचा मे. ऑइलला ज्या उष्णतेत काम करायचं आहे ती इंजिनाची आहे, गावाची नाही.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ एकदा समजून घेतला की हा घोळ सुटतो. १०डब्ल्यू-३० यात पहिला भाग थंडीतली वागणूक सांगतो: १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. सेंटिस्टोक या जाडीच्या एककात ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० त्याहून वर. यातला कोणताही आकडा हवेचं तापमान सांगत नाही.

मग लोक म्हणतात, उणे १५ आपल्याकडे कुठे येतं, २०डब्ल्यू चाललं की. गोठायचा प्रश्न नाही हे खरं. पण कोणतंही ऑइल थंड असताना गरम असल्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं. चाळीस अंशांवरचं '३०' सुद्धा शंभर अंशांवरच्या '५०' पेक्षा कैक पट जाड भरतं. सकाळी पहिला स्टार्टर मारल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचायला हवं, आणि तिथे कमी डब्ल्यूचं ऑइल आपल्या हवेतही उपयोगी पडतं.

जाड म्हणजे जास्त संरक्षण, हे समीकरण नव्या इंजिनांना तर लागूच पडत नाही. बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइल पंप एका ठरावीक जाडीसाठी बेतलेले असतात. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनचा टेन्शनर तर ऑइलच्याच दाबावर चालतात. म्हणून आजच्या अनेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असतं. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं, तर अ‍ॅव्हरेज तर पडतंच, शिवाय या यंत्रणा सुस्त होतात. एकाच उन्हात, एकाच रस्त्यावर धावणाऱ्या हिरोच्या शंभर सीसी बाइकला १०डब्ल्यू-३० लागतं आणि रॉयल एनफिल्डच्या अनेक बाइकना १५डब्ल्यू-५०. फरक इंजिनाच्या घडणीचा आहे.

गाडी जुनी झाली, ऑइल खाऊ लागली की जाड ऑइल टाकायचं, हा उपाय काही काळ धूर कमी करतो. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेलं असेल तर ते झिजलेलंच राहतं. पुस्तिकेत एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाड ग्रेड निवडायला हरकत नाही. त्यापलीकडे जाऊ नये.

"मोटारीचं महागडं ऑइल बाइकला टाकलं की बाइक मऊ चालते"

हे करू नका. मोटारीत क्लच इंजिनाबाहेर, कोरडा असतो. गिअरच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट एकाच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. इंधन वाचवण्यासाठी मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, आणि क्लच प्लेटला तर घर्षणच हवं असतं. परिणाम असा की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र ओढत नाही. बाइकच्या डब्यावर जासो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही खूण असते ती याचसाठी. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला जासो एमबी चालतं, आणि तेच स्कूटरचं एमबी ऑइल गिअरच्या बाइकला चालत नाही. घरात एक स्कूटर आणि एक बाइक असेल तर उरलेल्या ऑइलची अदलाबदल होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. स्कूटरच्या मागच्या चाकापाशी वेगळं गिअर ऑइलही असतं, आणि ते बदलायचं भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

जाडीइतकीच ऑइलची प्रत महत्त्वाची, आणि तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या खुणेत एस हे अक्षर पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी, आणि त्यापुढचं अक्षर जितकं पुढचं तितकी प्रत नवी: एसएल २००१ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. टर्बो पेट्रोल मोटारीत हा फरक जिवावरचा ठरू शकतो. कमी वेगात जोर देताना इंधन वेळेआधी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका या इंजिनांत असतो, आणि एसपी प्रत तो टाळण्याच्या दृष्टीनेही बनवलेली आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक आलं आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी गाळणारा फिल्टर बसला. काजळी त्यात जाळता येते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती कायमची साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या डिझेल जीपला पंधरा वर्षं जे घातलं तेच नव्या गाडीला घातलं, तर वाचलेल्या काहीशे रुपयांच्या बदल्यात हजारोंचा फिल्टर चोंदतो.

सिंथेटिकबद्दल

"एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं टाकता येत नाही" हे खरं नाही. एपीआयच्या मानकाची ऑइलं एकमेकांत मिसळू शकतील अशीच असावी लागतात. प्रवासात पातळी खाली गेली तर त्याच ग्रेडचं, त्याच प्रतीचं दुसऱ्या कंपनीचं ऑइल भरणं हे कमी ऑइलवर गाडी चालवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

सिंथेटिक उष्णतेला जास्त टिकतं, थंड असताना लवकर वाहतं. मात्र 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेले सगळे डबे आतून सारखे नसतात. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातला जाहिरातीचा वाद तिथल्या जाहिरातविषयक मंडळापुढे गेला. कच्च्या तेलावरच खोल प्रक्रिया करून केलेल्या बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निकाल लागला. तेव्हापासून बाजारात तेच भरपूर आहे. ते वाईट नाही, बहुतेक गाड्यांना पुरून उरतं. पण त्या एका शब्दावर भाळून दुप्पट किलोमीटर ओढू नयेत. सेमी-सिंथेटिकमध्ये सिंथेटिक किती, याचं तर ठरलेलं प्रमाणच नाही.

"गाडी चालतच नाही, मग ऑइल कशाला बदलू?"

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हे. बदलण्याची वेळ आपण फक्त किलोमीटरमध्ये मोजतो. शेतकरी मात्र ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर बदलतो. अनेक ट्रॅक्टरांना २५० तासांनी बदलायला सांगतात, कारण नांगरटीत ट्रॅक्टर जागच्या जागी दिवसभर राबतो आणि अंतर फारसं कापत नाही. शहरातल्या गाडीचंही तसंच होतं. पुण्या-ठाण्याच्या वाहतुकीत सरासरी वेग ताशी २० धरला, तर १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ५०० तास. तीच गाडी ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी ८० च्या सरासरीने धावत राहिली, तर तेवढ्याच अंतराला १२५ तास. मीटरवर दोन्ही सारख्याच दिसतात.

आता मुलांना शाळेत सोडणं, भाजी, बँक एवढ्यापुरतीच चालणारी गाडी घ्या. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. दोन-तीन किलोमीटरांत गाडी बंद झाली की ती पाणी होऊन आतच राहते, सोबत न जळलेलं पेट्रोलही उरतं. पाणी, इंधन आणि आम्ल यांचं हे मिश्रण ऑइलला आतून खातं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढुरकी साय दिसते ती बऱ्याचदा याचीच. म्हणून पुस्तिकेत 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहितात. अनेक पेट्रोल मोटारींना ते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असतं. वर्षात अडीच हजार किलोमीटरच झाले, तरी वर्षाने ऑइल बदलायचं. आजोबांची जपून वापरलेली गाडी आतून गाळाने भरलेली निघते, ती यामुळेच.

त्याच पुस्तिकेत पुढे 'कठीण परिस्थितीतील वापर' असं एक पान असतं. लहान फेऱ्या, धूळ, तासन्‌तास रांगेत सुरू ठेवलेलं इंजिन, जड ओझं: अशा वापराला ऑइल लवकर बदला, असं ते सांगतं. आपल्याला वाटतं हे वाळवंटासाठी असेल. प्रत्यक्षात शहरात रोज ऑफिसला जाणारा माणूस, आणि उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्याने ये-जा करणारा बाइकवालाही याच पानावरचा आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. बहुतेक प्रवास महामार्गावर, ऑइल योग्य प्रतीचं, आणि तरीही कुणी दर ३,००० किलोमीटरला मोटारीचं ऑइल बदलायला सांगत असेल, तर ते पैसे वाया जातात. नव्या दुचाकीची पहिली सर्व्हिसिंग मात्र चुकवू नये. सुरुवातीच्या झिजेचे धातूचे कण त्या ऑइलबरोबर बाहेर पडतात. आणि ऑइलसोबत फिल्टरही बदलायचा, नाहीतर जुन्या फिल्टरमधलं घाण ऑइल नव्यात मिसळतं.

पातळी, दिवा आणि डबा

डॅशबोर्डवरचा ऑइलच्या किटलीचा लाल दिवा 'आता ऑइल बदला' असं सांगत नाही. ऑइलचा दाब पडला आहे, असं तो सांगतो. इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेण्याच्या नादात बेअरिंग जातात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेपलीकडे भरलेलं ऑइल क्रँकमध्ये घुसळून फेसाळतं आणि फेसात दाब धरत नाही. बीएस-६ डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर काजळीचा फिल्टर जाळताना वापरलेलं डिझेल खाली उतरत आहे. तेव्हा ऑइल लगेच बदलावं. आणि पातळी कमी होते तेव्हा नुसतं वरून भरत राहणं म्हणजे बदलणं नव्हे. जुनी आम्लं आणि गाळ आतच राहतात.

डबा सीलबंद आपल्यासमोर उघडून घ्यावा, बॅच आणि तारीख पाहावी. रिकामा डबा कापून किंवा भोक पाडूनच टाकावा, कारण भंगारात गेलेले चांगले डबे भेसळीचं ऑइल भरून परत येतात.

काढलेलं जळकं ऑइल गावाकडे लाकडाला वाळवीसाठी फासतात, काही ठिकाणी गटारात ओततात. त्यात जड धातू आणि त्वचेला घातक संयुगं असतात, आणि विहिरीच्या पाण्यात उतरलं की ते काढणं फार अवघड. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत हे ऑइलही मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. गॅरेजवाल्याला एवढंच विचारावं, की त्याचं पिंप कोण घेऊन जातं. घरी स्वतः ऑइल बदलत असाल, तर ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्याच पिंपात नेऊन ओतावं.